डॉक्टर, व्हाया कॉमर्स

आमच्या घराण्यात कॉमर्सला गेलेला मी पहिला, आणि मीच शेवटचा ठरावा अशी सर्वांची मनोमन इच्छा होती.

आमच्या वेळी दहावी झालेल्या मुलांच्या तीन जाती असत. हुशार मुलं सायन्सला जात. कविता करणारी, किंवा ज्यांचं पुढे काय करायचं हे घरच्यांना उमगत नसे अशी, आर्ट्सला जात. आणि जी कशातच बसत नसत ती कॉमर्सला. 'काय घेतलं हो मुलाने?' असं पाहुण्यांनी विचारलं, की आई 'कॉमर्स' हा शब्द अशा काही आवाजात उच्चारी, की पाहुणे पुढचं काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवत.

सायन्समध्येही पुन्हा पोटजाती होत्याच. गणितवाले 'ए' ग्रुपचे, ते इंजिनियर होणार. बेडूक कापणारे 'बी' ग्रुपचे, ते डॉक्टर होणार. आणि दोन्ही ग्रुप घेऊन कुंपणावर बसलेले काही महत्त्वाकांक्षी जीव असत. माझा धाकटा भाऊ त्यांतला. १९८५ साली त्याचं मेडिकल तीन मार्कांनी हुकलं आणि तो इंजिनियर झाला. त्या तीन मार्कांचा उल्लेख आमच्या घरात थोरल्या बाजीरावांच्या अकाली मृत्यूसारखा होत असे. म्हणजे ते तसे न जाते, तर इतिहास कुठल्या कुठे गेला असता! मी तोवर बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो होतो. त्याच्या इंजिनियरिंगची फी माझ्या पगारातून गेली, पण ही रक्कम घराच्या वहीत माझ्या नावावर कुणी जमा केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. असो. बँकेतल्या माणसाला असल्या नोंदी शोधायची खोड असते.

भाऊ पुढे अमेरिकेत गेला आणि न्यू जर्सीत एडिसनला स्थायिक झाला. २००१ साली त्याला मुलगी झाली. ही डॉक्टर होणार हे तिच्या जन्माआधीच ठरलं होतं. तिच्या उष्टावणाला पाटासमोर पेन, पुस्तक, सोन्याची अंगठी आणि एक खेळण्यातला स्टेथोस्कोप मांडला होता. बाळ ज्याला हात लावेल तो त्याचा व्यवसाय, अशी ती रीत. मी फोटो पाहिलेत. पेन, पुस्तक आणि अंगठी बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या लांब होती. स्टेथोस्कोप मांडीवर होता.

आणि २०१९ साली एका रात्री भावाचा फोन आला. आवाज असा की मी उठून दिवाच लावला.

"दादा, ती कॉमर्सला गेली रे."

तिकडे त्याला कॉमर्स म्हणत नाहीत, बिझनेस म्हणतात. पण दुःखात माणसाला मातृभाषाच आठवते. आमच्या घरात मातृभाषेत त्या गोष्टीला कॉमर्सच म्हणत. मी विचारलं, "म्हणजे डॉक्टर व्हायचं नाही म्हणते का?" तर म्हणाला, "तसं नाही. आधी बिझनेस मॅनेजमेंटची पदवी घेणार आणि मग मेडिकलला जाणार म्हणते." आता यात रडण्यासारखं काय होतं हे मला कळेना. पण त्याचं म्हणणं, महाराष्ट्र मंडळात इतरांची मुलं बायॉलॉजी नाहीतर न्यूरोसायन्स घेतात. गणपतीच्या आरतीला तीन बायकांनी आमच्या वहिनींना विचारलं, 'मेजर काय?' आणि वहिनींनी प्रसादाचं ताट पुढे केलं.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. आपल्याकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घ्यायचं, 'नीट' नावाची ७२० मार्कांची परीक्षा द्यायची आणि नंबर लागला की मिसरूड पुरतं फुटायच्या आत मेडिकलला जायचं. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, झाले डॉक्टर. या रस्त्याला कॉमर्सचा फाटा कुठेच फुटत नाही. अमेरिकेत मात्र आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग पुढची रेसिडेन्सी. पदवी कसलीही चालते. इतिहासाची, संगीताची, बिझनेसचीही. फक्त तिच्या जोडीला बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे विषय प्रयोगशाळेसकट पुरे करावे लागतात. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मंडळी जीवशास्त्राचीच असतात, कारण पालक सगळीकडे सारखेच. पण कायद्याने रस्ता मोकळा आहे.

हे नेहमीच असं नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या त्या अठराव्या वर्षी, आणि १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. आधी पदवी आण, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं, त्यांनी पदवीची अट घातली. मग १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूलं फिरून एक अहवाल लिहिला, आणि त्या अहवालाने अनेक कॉलेजांना कुलपं लागली. उरलेल्यांना शिस्त लागली. आता गंमत अशी, की हे फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते. शाळामास्तर होते. अमेरिकन डॉक्टरांना वळण लावायला शेवटी एक मास्तरच लागला, हे मी भावाला ठळक अक्षरांत लिहून पाठवलं. उत्तरादाखल त्याने नुसता एक अंगठा पाठवला. तोही वर केलेला होता की खाली, हे चष्म्याशिवाय दिसलं नाही.

खरं म्हणजे आपल्याकडेही हा प्रकार घडतो, फक्त उलट्या क्रमाने. मुलगा आधी एम.बी.बी.एस. होतो आणि मग मॅनेजमेंटला जातो, नाहीतर कलेक्टर होतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट आईवडील सांगतात, 'डॉक्टर आहेच, शिवाय मॅनेजमेंट झालंय.' या 'शिवाय'ला समाजात फार किंमत आहे. आमच्या पुतणीचं मॅनेजमेंट 'शिवाय' नव्हतं, 'आधी' होतं. सगळा घोळ तिथे झाला.

"तू तिला समजव," भाऊ म्हणाला. "तू स्वतः त्यातून गेला आहेस."

जसा काही मी टायफॉइडमधून उठलो होतो! पण वडील भावाचं कर्तव्य म्हणून मी तिला फोन लावला. 'अगं, तुला बिझनेस कशाला हवाय?' एवढंच विचारलं. तिने उलट मलाच प्रश्न टाकला.

"काका, तुला आजीचं बिल आठवतं?"

न आठवायला काय झालं! २०१८ च्या जूनमध्ये ही सतरा वर्षांची पोर सुट्टीला ठाण्याला आमच्याकडे आली होती, आणि त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, अकरा दिवस इस्पितळ. कोणतं ते विचारू नका. काचेचं होतं, एवढं पुरे. ऑपरेशन उत्तम झालं, आई काठी घेऊन चालायलाही लागली. पण शेवटच्या दिवशी जे बिल हातात आलं ते चौदा पानी होतं. मी बत्तीस वर्षं बँकेत कागद वाचून काढले होते, त्यामुळे माझी समजूत होती की चौदा पानं म्हणजे काही नाही. दुसऱ्या पानावरच मी हातमोज्यांत अडकलो. हातमोजे ८६ जोड. मी मोठ्या डॉक्टरांना विचारायला गेलो. ते मृदू आवाजात म्हणाले, "बिलाचं आम्हाला काही कळत नाही हो, खिडकी नंबर चारला विचारा." खिडकी नंबर चार म्हणाली, "डॉक्टरांनी लिहिलंय ते आम्ही लावलंय, त्यांना विचारा." या दोन ठिकाणांमध्ये साधारण सत्तर पावलांचं अंतर होतं. मी ते पाच वेळा कापलं. माझ्याबरोबर ही पोर. पाचव्या खेपेला तिने विचारलं, "काका, मग हे बिल कुणाला कळतं?"

त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आम्ही दोघांनी घरी जेवणाच्या टेबलावर ती चौदा पानं पसरली आणि रात्री एक वाजेपर्यंत लाल पेन्सिलीने टिकमार्क केले. मुदत ठेव मोडायची होती ती मोडलीच. पण आईच्या कानावर आकडा गेला. तिने काही विचारलं नाही. आईची पिढी आकड्यांवर बोलत नसे, आकडे ऐकून कामाला लागत असे.

तीन आठवड्यांनी पुतणीला आईच्या पानाच्या डब्यात, कातचुन्याच्या शेजारी, रक्तदाबाच्या गोळ्यांचे अर्धे तुकडे सापडले. अडकित्त्याने नीट कातरलेले. त्या गोळ्या महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास पडत. आईने मनाशी हिशेब केला होता, की एवढा खर्च झालाच आहे तर निदान इथे अर्धा वाचवू. "रोज अर्धी घेतली की महिन्याची दोन महिने जाते," असं तिने आम्हाला समजावूनही सांगितलं. गणित चोख होतं. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १९० होता.

"आजीला गोळी लिहिली तेव्हा कुणी तिला विचारलंच नाही ना, की ही परवडते का?" पुतणी फोनवर म्हणाली. "लिहिणाऱ्याला किंमत माहीत नाही आणि किंमत लावणाऱ्याला आजी माहीत नाही. मला दोन्ही बाजूंचं वाचता आलं पाहिजे. बायॉलॉजी तर मला पुढे शिकावीच लागणार आहे. हिशेब तिथे कोण शिकवणार?"

मी भावाला कळवलं, की पोरीला समजावलंय. कोणी कोणाला ते लिहिलं नाही.

मग सुरू झालं आमचं पत्राद्वारे शिक्षण, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिकडे तिला अकाउंटिंगचं पुस्तक लागलं होतं, विटेएवढं. इंग्रजीत डेबिट-क्रेडिट तिच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, "आलं ते नावे, गेलं ते जमा. हे म्हणत झोपत जा." आठ दिवसांत तिचा ताळेबंद जुळायला लागला. सस्पेन्स अकाउंट म्हणजे काय, असं तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, की रक्कम कुठली हे कळत नसेल तर ती तात्पुरती टाकून ठेवायचं खातं. कळलं की काढायची. ती लगेच म्हणाली, "म्हणजे डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणतात ते." बँकेत इतकी वर्षं काढून मला हे सुचलं नव्हतं. घसाऱ्याच्या धड्यानंतर तर तिने माझाच घसारा काढला. गुडघे दरसाल सारख्या दराने झिजतायत, केसांना मात्र उतरत्या शिलकेची पद्धत लावावी लागेल, कारण शिल्लकच फार उरली नाही.

दिवसा हा जमाखर्च आणि संध्याकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्री. मधल्या वेळात कुठल्याशा दवाखान्यात विनावेतन हजेरी, कारण डॉक्टरकीचा अर्ज करणाऱ्याने डॉक्टर जवळून पाहिलेला असावा अशी तिथे अपेक्षा असते. आपल्याकडे ती डॉक्टर झाल्यावरही नसते! त्यात एक अन्याय असा, की अर्जाच्या वेळी बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या चार विषयांची सरासरी तिकडे वेगळी काढतात. अकाउंटिंगमध्ये कितीही 'ए' मिळवा, ते त्या सरासरीत जमेला धरत नाहीत. जमाखर्चाचे मार्कच जमेला धरायचे नाहीत, याला काय म्हणावं? वर 'एमकॅट' नावाची परीक्षा. २३० प्रश्न, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास. मार्क शून्यापासून सुरू होत नाहीत. किमान ४७२ आणि कमाल ५२८. म्हणजे कोरा पेपर दिला तरी ४७२ पडतात. आमच्या भावाला ही पद्धत १९८५ साली लागू असती तर!

दरम्यान भावाचं मन वळवायचं म्हणून मी पुरावे गोळा करायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यात मला फ्रँक गिलब्रेथ भेटला. हा अमेरिकन माणूस मूळचा गवंडी. विटा लावताना हातांच्या किती हालचाली वाया जातात हे मोजता मोजता तो कार्यक्षमतेचा तज्ज्ञ झाला. घरात बारा मुलं होती, त्यामुळे व्यवस्थापनाचा सराव भरपूर. शंभरएक वर्षांपूर्वी त्याने शस्त्रक्रियांच्या फिल्मा काढल्या आणि दाखवून दिलं, की सर्जनसाहेबांचा केवढा तरी वेळ हत्यार शोधण्यात जातो. तेव्हा शेजारी एक माणूस उभा करा आणि मागितलं की हत्यार हातात ठेवा, असं त्याने सुचवलं. सिनेमात डॉक्टर नुसता हात पुढे करतो आणि नर्स हातात कात्री ठेवते ना, त्या रुबाबाचं श्रेय या गवंड्याला!

दुसरे मदुराईचे डॉ. व्यंकटस्वामी. निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी ११ खाटांचं डोळ्यांचं इस्पितळ काढलं, आज ते 'अरविंद' म्हणून जगाला माहीत आहे. त्यांनी धडा घेतला तो मॅक्डोनाल्डकडून. सगळीकडे सारखं, भराभर आणि स्वस्तात बर्गर देता येतं, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन का नाही? शेजारी शेजारी दोन टेबलं. एकावरचं ऑपरेशन संपलं की सर्जन वळतो, दुसऱ्यावरचा रोगी तयार असतो. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर न देणाऱ्यांचंही होतं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्याच्यावर धडा लिहिला. पुतणीला तो अभ्यासाला होता. "काका, भारतातलं इस्पितळ आम्हाला आदर्श म्हणून शिकवतात," असं तिने कळवलं, तेव्हा मी ८६ जोड हातमोज्यांच्या आठवणीने काही क्षण गप्प राहिलो.

आणि तिसरा हुकमाचा एक्का म्हणजे डॉ. अतुल गवांदे. वडील आपल्या विदर्भातले. जन्म, शिक्षण अमेरिकेतलं. हा माणूस सर्जन होण्याआधी ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र शिकून आला. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी वाचायची एकोणीस मुद्द्यांची यादी काढली, ती याच्या पुढाकाराने. यादी कसली? रोगी तोच आहे ना, बाजू डावी की उजवी, अँटिबायॉटिक दिलं का, खोलीतल्यांनी एकमेकांना नावं सांगितली का. वैमानिक उड्डाणाआधी करतात तसलं. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही. एक कागद! आमच्या बँकेत रोख खोली बंद करताना असला कागद १९८१ पासून होता, आणि त्यावर सह्या करायचा कंटाळा मी स्वतः केलेला आहे. हा पुरावा भावाला लागू पडला. म्हणजे मराठी आडनाव लागू पडलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात पुतणी ठाण्याला आली ती प्रकल्प घेऊन. आई आदल्या वर्षी गेली होती. झोपेत, अख्ख्या गोळ्या घेत. पुतणीला कुठल्याशा रांगेचा अभ्यास करायचा होता. मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. वय चौऱ्याहत्तर, संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना, नंबर वगैरे भानगड नाही. कंपाउंडर त्यांच्याहून जुना वाटतो. ही सहा संध्याकाळी घड्याळ आणि वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. कंपाउंडरला पहिल्या दिवशी इन्कमटॅक्सची माणसं आली असं वाटलं, त्याने उधारीची वही काउंटरखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी तिने ती मागून घेतली आणि म्हणाली, "यांचं एजिंग काढलं पाहिजे." म्हणजे कुणाची उधारी किती जुनी. कंपाउंडर म्हणाला, "ताई, इथे सगळं एजिंगच येतं."

सहाव्या दिवशी तिने डॉक्टरांना निकाल सांगितला. लिटल नावाच्या प्राध्यापकाने १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे. तासाला माणसं किती येतात आणि एका वेळी आत किती बसलेली असतात, हे मोजलं की प्रत्येकाला किती थांबावं लागतं ते निघतं. तासाला येणारे बारा. बसलेले अठरा. म्हणजे दीड तास. "पण डॉक्टरकाका, या अठरांतले सहा आजी-आजोबा तपासायला आतच येत नाहीत. ते नुसते बसतात आणि नऊला उठून जातात. ते वजा केले तर तुमची खरी रांग एका तासाचीच आहे."

"ते पेशंट नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ते वाट बघायला येतात."

तिने बाहेरच्या व्हरांड्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र बाक टाकून पाहिलं. पंख्यासकट. चौथ्या दिवशी बाक आत आलं. बाहेरून डॉक्टरांचं पेशंटवर ओरडणं ऐकू येत नाही, अशी त्या सहा जणांची लेखी तक्रार होती. लेखी! तिने वहीत 'सुधारणा अयशस्वी' असं लिहून ठेवलं आणि पुढे कंसात 'सकारण'.

पण एक प्रश्न तिने डॉक्टरांना विचारायला लावला. रक्तदाब आणि मधुमेहवाल्यांना फक्त एवढंच, 'गोळ्या रोज पुऱ्या घेता का? परवडतात का?' डॉक्टर आधी हसले. चाळीस वर्षांचे पेशंट, त्यांना काय विचारायचं? पण पोरीचा हट्ट म्हणून विचारलं. दोन संध्याकाळींत नऊ जणांनी सांगितलं की एक दिवसाआड घेतो. त्यांत डॉक्टरांचे बालमित्र होते. निवृत्त हेडमास्तर होते. त्या रात्री कंपाउंडरने आणलेला चहा टेबलावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषधवाल्याकडून सगळ्या गोळ्यांचे भाव मागवून घेतले, आणि आता ते चिठ्ठीवर औषधाच्या शेजारी महिन्याचा खर्च लिहितात. अक्षर मात्र तेच, त्यामुळे तो आकडाही औषधवाल्याकडूनच वाचून घ्यावा लागतो.

पदवी २०२३ साली झाली. मग अर्ज, निबंध, मुलाखती. तिकडे दर दहा अर्जदारांमागे चौघांच्या आसपासच कुठे तरी प्रवेश मिळतो. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी सरळ विचारलं, "बिझनेस शिकलात, मग वैद्यकात पैशासाठी येताय का?" ही म्हणाली, "हो, पैशासाठीच. पेशंटच्या." पुढे आजीचा पानाचा डबा सांगितला. अडकित्त्याला इंग्रजीत काय म्हणावं ते आठवेना म्हणून हाताने करून दाखवला. त्या कॉलेजाने तिला घेतलं नाही. दुसऱ्या एकाने घेतलं, २०२४ साली. तिथे तिला फक्त आवडता खेळ विचारला होता.

भावाने त्याच रात्री सर्व नातेवाइकांना निरोप धाडला. 'मुलगी मेडिकलला लागली. शिवाय मॅनेजमेंट झालेलं आहेच.'

मला तिने वेगळं पाकीट पाठवलं. आत कर्जफेडीचा तक्ता. तिकडे कर्ज काढून शिकणारे बहुतेक जण डॉक्टर होईपर्यंत साधारण २ लाख डॉलरचे देणेकरी झालेले असतात. हिचंही तेवढंच. रुपयांत किती होतात ते मी काढलं आणि खोडून टाकलं. शेकडा ८ व्याजाने, रेसिडेन्सी धरून, हप्ता २०४८ पर्यंत. शेवटच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काका वय ८८. तपासणी फी माफ.' खाली 'तपासून सही कर' अशी आज्ञा.

मी दोन दिवस बसून एकेक ओळ ताडून पाहिली. एके ठिकाणी चूक सापडलीच. २०२८ च्या फेब्रुवारीत तिने अठ्ठावीस दिवसांचं व्याज धरलं होतं. लीप वर्ष! तोवर पुरे २ लाख उचललेले असणार. मी लाल शाईने दुरुस्ती करून फोटो पाठवला.

"एका दिवसाने असा काय फरक पडतो?" तिने विचारलं.

"४३ डॉलर ८४ सेंट."

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "म्हणजे आजीच्या गोळ्या, वर्षभराच्या. अख्ख्या."

मी रुपयांत काढून पाहिलं. बरोबर होतं. वर थोडे सुटे उरत होते.